एक लाट सोडली, तीन निघाल्या: एका केडीव्ही रनचं पूर्ण प्रकरण

रन, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रोग्राम एकदा चालवणं, साधाच होता. केडीव्ही या उथळ पाण्यातल्या लाटांच्या इक्वेशनमध्ये एक सॉलिटॉन, म्हणजे आपला आकार टिकवून जाणारी एकटी लाट, सोडायचा, तो आकार न बदलता ठरलेल्या वेगानं पुढे जातो का ते पाहायचं, आणि जात असेल तर कोड बरोबर आहे असं धरून पुढच्या कामाला लागायचं. या विषयात येणारा जवळपास प्रत्येकजण सुरुवातीला हेच करतो. माझ्या विद्यार्थ्यानं (पीएचडीचं दुसरं वर्ष, उमरेडहून बसनं नागपूरला ये-जा करतो) हा रन केला आणि एका लाटेच्या तीन लाटा झाल्या. त्या तीन लाटांत आमचे जवळपास दोन महिने गेले आणि एक चुकीचा ॲब्स्ट्रॅक्ट कॉन्फरन्सला जाता जाता राहिला. चूक एका आकड्याची होती, पण तो आकडा शोधताना जे हाती लागलं ते मला चुकीपेक्षा मोठं वाटतं, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे.

आधी थोडं सॉलिटॉनबद्दल. नागपुरात लाटांवर काम करते म्हटलं की लोक पहिलं हेच विचारतात की मॅडम, इथे समुद्र कुठे आहे. पण सॉलिटॉनची पहिली नोंद झाली तीच मुळी समुद्रात नाही, कालव्यात. १८३४ च्या ऑगस्टमध्ये एडिनबराजवळच्या युनियन कॅनॉलवर जॉन स्कॉट रसेल हा इंजिनिअर दोन घोड्यांनी ओढलेली बोट पाहत होता, बोट अचानक थांबली आणि तिच्या नाकापाशी जमलेलं पाणी एक गोल गुळगुळीत उंचवटा होऊन सुटलं ते थांबेचना. साधारण ३० फूट लांब, फूट-दीड फूट उंच, ताशी आठ-नऊ मैल वेग. रसेल घोड्यावरून मैल-दोन मैल त्याच्या मागे गेला, मग कालव्याच्या वळणांत ती लाट हरवली. नंतर त्यानं घरी टाकी बांधून प्रयोग केले, १८४४ मध्ये रिपोर्ट दिला, पण एअरी आणि स्टोक्ससारख्या मोठ्या लोकांना ते पटेना, कारण त्या वेळच्या समजुतीप्रमाणे अशी लाट एकतर पुढे झुकून फुटायला हवी नाहीतर पसरून विरायला हवी.

दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत आणि दोन्ही एकाच वेळी होतात, गंमत तिथेच आहे. उथळ पाण्यात लाटेचा उंच भाग सखल भागापेक्षा वेगानं जातो, म्हणून पुढची बाजू उभी होत जाते, आणि त्याच वेळी वेगवेगळ्या लांबीच्या लाटा वेगवेगळ्या वेगानं जातात म्हणून सगळं पसरायला पाहतं. एक ढकलतं, दुसरं सोडवतं. दोन्ही बरोबर तुल्यबळ झाले की लाट तशीच्या तशी जात राहते. बूसिनेस्क आणि रॅले यांनी हे १८७० च्या दशकात दाखवलं आणि १८९५ मध्ये कोर्टेवेग आणि द व्रीस यांनी ते इक्वेशन लिहिलं ज्याला आज आपण केडीव्ही म्हणतो. त्यात तीन टर्म असतात: लाट काळाबरोबर कशी बदलते ती, लाट गुणिले लाटेचा उतार (ही ढकलणारी), आणि लाटेचं तिसरं डेरिव्हेटिव्ह (ही पसरवणारी).

ढकलणाऱ्या टर्मच्या पुढे एक आकडा असतो. कुणी १ लिहितं, कुणी ६, कुणी उणे ६. पूर्ण प्रकरण या आकड्याचं आहे, पण ते आम्हाला शेवटी कळलं.

तर रन. डब्बा उणे २० पासून ६० पर्यंत, म्हणजे लांबी ८०, त्यात ५१२ बिंदू, दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली, म्हणजे उजवीकडून बाहेर गेलेली लाट डावीकडून आत येते. पद्धत फोरिअरवाली (लाट साइन-लाटांत मोडून सोडवायची), भाषा पायथन. सुरुवातीची लाट शून्यावर, सेच-स्क्वेअर आकाराची (मधोमध एक गुळगुळीत उंचवटा, दोन्ही बाजूंना विरत जाणारा), उंची ३, वेग १ अपेक्षित. पहिला रन काही पावलांतच फुटला, स्क्रीनवर नुसतं नॅन नॅन (नॉट अ नंबर, म्हणजे आकडाच उरला नाही). ते नेहमीचं आहे, तिसऱ्या डेरिव्हेटिव्हमुळे बिंदूंमधलं अंतर निम्मं केलं की टाइम स्टेप आठपट लहान करावी लागते, त्यानं ०.००१ ठेवली होती आणि त्या ग्रिडला काळात पावलापावलानं पुढे जायची साधी रुंगे-कुट्टा पद्धत ०.०००३५ च्या वर चालत नाही. मग पसरवणारी टर्म इंटिग्रेटिंग फॅक्टरनं, म्हणजे कागदावरच्या सूत्रानं, नेमकी सोडवून घेतली, त्यानंतर तीच ०.००१ आरामात चालली. इथपर्यंत एक दिवस.

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप उघडा धरूनच माझ्या केबिनमध्ये आला.

"मॅडम, एकच सोडली होती. हे काय होऊन राहिलं पाहा ना."

स्क्रीनवर लाट सुरू झाली, क्षणभर माथा टोकदार होऊन वर चढला आणि मग ती फाटल्यासारखी तीन वेगळ्या लाटांत सुटली. सगळ्यात उंच पुढे धावली, मधली तिच्या मागे, आणि बुटकी निवांत सगळ्यात शेवटी. मागे कुठे एकही सुरकुती नाही, पाणी एकदम सपाट. त्यानं रन २० सेकंदांपर्यंत ठेवला होता (आमच्या युनिटमधले सेकंद), त्यात उंच लाट साडेसहाच्या सुमाराला उजवीकडून बाहेर पडून डावीकडून आत आली आणि दहाच्या थोडं आधी बुटकीला मागून गाठलं, आणि त्यानंतर नुसती धक्काबुक्की दिसत होती. त्याला वाटलं शेवटी शेवटी कचरा झाला. मी म्हटलं कचरा नाही, गोल ट्रॅकवर तीन जण वेगवेगळ्या वेगानं पळत असतील तर एकमेकांना गाठणारच, तू चारवर थांबव.

नंतरचे तीन आठवडे आम्ही कोड संशयित धरून चाललो. बिंदू ५१२ चे १०२४ केले, टाइम स्टेप निम्मी केली, डब्बा मोठा केला, त्यानं ते सगळं दुसऱ्या पद्धतीनं पुन्हा लिहिलं. तीन लाटा जागच्या हलल्या नाहीत. मग मी जे नेहमी सांगते ते तपासायला सांगितलं, की लाटेखालचं एकूण क्षेत्रफळ आणि लाटेच्या वर्गाखालचं क्षेत्रफळ हे दोन्ही आकडे केडीव्हीमध्ये कधीच बदलत नाहीत, ते काढ. पहिला आला १२, दुसरा २४, आणि शेवटपर्यंत इतके स्थिर की बदल दशांशात फार मागे कुठेतरी. म्हणजे कोड इमानदार होता. जे इक्वेशन दिलं होतं ते तो चोख सोडवत होता.

माझी चूक इथे झाली आणि ती माझीच होती, त्या पोराची नाही. दोन आकडे स्थिर आहेत म्हटल्यावर मी मनातून मोकळी झाले आणि जे दिसतंय ते खरं आणि नवीन आहे असं मानायला लागले. त्या आकड्यांनी फक्त एवढंच सांगितलं होतं की उत्तर त्या प्रश्नाचं आहे. प्रश्न आम्हाला वाटतो तोच आहे का, हे त्यांना विचारलंच नव्हतं. पुढच्या दोन आठवड्यांत त्यानं ॲब्स्ट्रॅक्ट लिहिला, एकटा सॉलिटॉन आपोआप तीन भागांत विभागतो असा, आणि मी त्यावर लाल पेनानं इंग्रजी सुधारत बसले होते. आज ते आठवलं की वाईट वाटतं. केडीव्हीचा सॉलिटॉन आपोआप फुटत नाही, हे १९६५ पासून लोक पाहत आले आहेत. झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी त्या वर्षी कॉम्प्युटरवर दाखवलं की या लाटा एकमेकींतून आरपार जाऊनही आपला आकार राखतात, आणि सॉलिटॉन हे नावही त्यांनीच दिलं. मला हे माहीत होतं, शिकवतेही दरवर्षी, आणि तरी समोरच्या ग्राफनं भुरळ घातली.

सुटका झाली ती एका प्रिंटमुळे. मे महिन्यातली दुपार होती, लाइट गेलेली, कूलर बंद, खोलीत ओल्या वुडवूलचा वास आणि बाहेर झळा. लॅपटॉप चालत नव्हता म्हणून तो कागदावरच्या ग्राफवर पट्टी ठेवून पेन्सिलीनं उंची मोजत होता, एरवी हे त्यानं कधी केलं नसतं. मोठ्यानं म्हणाला, "साडेचार. दोन. अर्धा." मग थोडा थांबून, "मॅडम, हे अर्ध्याच्या पटीत आहे ना? एक पट, चार पट, नऊ पट."

१, ४, ९. असे पूर्ण वर्ग कुठलीही गडबड स्वतःहून देत नाही. वेग काढले तर तेही १, ४, ९.

तिथून पुढचं मला एकदम दिसलं. १९६७ मध्ये गार्डनर, ग्रीन, क्रुस्कल आणि मिउरा यांनी केडीव्ही सोडवायची जी पद्धत दिली ती अशी की सुरुवातीची लाट उलटी करून ती एक पोटेन्शियल विहीर आहे असं समजा, क्वांटम मेकॅनिक्समध्ये असते तशी, आणि त्या विहिरीत किती पातळ्यांवर कण अडकून राहू शकतो ते मोजा. जितक्या पातळ्या तितके सॉलिटॉन. प्रत्येक पातळी किती खोल आहे त्यावरून त्या सॉलिटॉनची उंची आणि वेग ठरतो. विहिरीवरून कण थोडा परतत असेल तर त्या परतण्याची लाटेमागे बारीक सुरकुत्यांची शेपटी होते. सेच-स्क्वेअर विहिरीचा हिशेब तर एमएस्सीच्या पोरांनाही येतो: रुंदीच्या मापात विहिरीची ताकद २ असेल तर एक पातळी, ६ असेल तर दोन, १२ असेल तर तीन, म्हणजे १×२, २×३, ३×४, आणि याच आकड्यांना कण अजिबात परतत नाही. शेपटी नाही. आमच्या ग्राफवर तीन लाटा आणि मागे सपाट पाणी होतं, म्हणजे ताकद बरोबर १२.

एका सॉलिटॉनला हवी २ आणि आम्ही दिली १२. सहापट.

मी त्याला म्हटलं, इक्वेशन कुठून घेतलंस आणि सुरुवातीची लाट कुठून. इक्वेशन एका पुस्तकातलं होतं, तिथे पुढे ६ होता. लाटेचा फॉर्म्युला दुसऱ्या कुणाच्या नोट्समधला, तिथे तो आकडा १ होता. १ वाल्या इक्वेशनमध्ये सॉलिटॉनची उंची वेगाच्या तिप्पट असते, ६ वाल्यात वेगाच्या निम्मी. तीन आणि अर्धा, मध्ये फरक सहापटीचा. आणि सहा गुणिले दोन बारा म्हणजे तीन गुणिले चार, त्यामुळे ही विशिष्ट चूक कुणीही केली, वेग कितीही घेतला, तरी बरोबर तीनच लाटा निघणार आणि शेपटी दिसणार नाही. म्हणून ती इतकी खरी वाटली. दुसरी जवळपास कुठलीही अर्धवट चूक असती तर मागे सुरकुत्या आल्या असत्या आणि आम्ही पहिल्याच आठवड्यात सावध झालो असतो.

आणि ज्या सॉलिटॉनसाठी हे सगळं केलं होतं, अर्धा उंचीचा आणि एक वेगाचा, तो तिघांत होताच. सगळ्यात शेवटचा, बुटका.

लाइट यायच्या आत मी रफ कागदावर तीन आकडे काढले. चार सेकंदांनंतर लाटा नुसत्या वेगानं गेल्या असत्या तर ३६, १६ आणि ४ वर असायला हव्यात. पण सुरुवातीला तिघी एकमेकींत गुंतलेल्या असतात, सुटताना उंच लाट थोडी पुढे फेकली जाते आणि बुटकी मागे राहते, आणि हे किती ते लॉगरिदमवरून नेमकं निघतं. माझे आकडे आले ३६.७७, १५.७४ आणि २.२१. ताळा म्हणून एक केलं, तिन्ही लाटांची क्षेत्रफळं ६, ४ आणि २ आहेत (बेरीज १२, जुळतंय), तर सरकलेलं अंतर त्या त्या क्षेत्रफळानं गुणून बेरीज शून्य यायला पाहिजे, कारण आत आत काहीही होवो, एकूण पाण्याचा मध्यबिंदू त्या गुंत्यामुळे हलत नाही. बेरीज शून्य आली. कागद पालथा ठेवला आणि लाइट आल्यावर त्याला माथे मोजायला सांगितलं, प्रत्येक माथ्याजवळच्या तीन बिंदूंतून पॅराबोला काढून. तो वाचत गेला, "छत्तीस पॉइंट सात सात... पंधरा पॉइंट सात चार... दोन पॉइंट दोन एक." मी कागद उलटा केला. बराच वेळ दोघंही त्या कागदाकडे पाहत होतो. एवढी वर्षं या विषयात आहे, पण पेन्सिल आणि प्रोग्राम असे दुसऱ्या दशांशापर्यंत भेटतात तेव्हा अजूनही अंगावर काटा येतो.

ॲब्स्ट्रॅक्ट अर्थातच पाठवला नाही. तो पोरगा मात्र फार खचला, दोन महिने वाया गेले म्हणून. दुसऱ्या दिवशी आलाच नाही. मग मीच फोन केला आणि म्हटलं सकाळी लवकर ये, आणि तर्री पोह्याच्या ठेल्यावर उभ्या उभ्या त्याला दोन गोष्टी सांगितल्या.

एक, ही चूक दोन मिनिटांत पकडता येते आणि ती पद्धत तू मला विचारायला हवी होतीस, पण त्याहून आधी ती मी तुला द्यायला हवी होती. चालत्या सॉलिटॉनसाठी केडीव्ही एकदा इंटिग्रेट केलं की राहतं ते असं: उणे वेग गुणिले उंची, अधिक ढकलणाऱ्या आकड्याच्या निम्मे गुणिले उंचीचा वर्ग, अधिक माथ्यावरची वक्रता, बेरीज शून्य. आमच्या लाटेची उंची ३, वेग १, माथ्यावरची वक्रता उणे दीड. ६ वालं इक्वेशन घेतलं तर उणे ३ अधिक २७ उणे १.५, म्हणजे २२.५. शून्याच्या जवळपासही नाही. १ वालं घेतलं तर उणे ३ अधिक ४.५ उणे १.५, बरोबर शून्य. फक्त माथ्यावरचा एक बिंदू, बाकी काही नको. आता माझ्याकडे कुणीही कोड घेऊन आला की मी आधी ही ओळ कागदावर लिहून मागते, मग लॅपटॉप उघडू देते.

दुसरी गोष्ट त्याला जास्त महत्त्वाची वाटली, आणि मलाही. सहापटीची ही चूक पाण्यात खरोखर घडते. सॉलिटॉन खोल पाण्यातून उथळ पाण्यात चढतो तेव्हा त्याची उंची थोडी वाढते, लांबी कमी होते, पण त्या दोन्हीपेक्षा खोली कमी झाल्याचा परिणाम मोठा असतो, आणि ढकलणं विरुद्ध पसरणं हा तोल खोलीच्या गुणोत्तराच्या उणे नऊ-चतुर्थांश घातानं बिघडतो. चढ असा असेल की लाटेला चढावरच फुटायला वेळ मिळत नाही, तर वर पोचल्यावर ती नव्या पाण्यासाठी फार ताकदवान ठरते आणि सुटून अनेक सॉलिटॉन होते. मॅडसन आणि मेई यांनी १९६९ मध्ये आणि जॉन्सननं १९७३ मध्ये हे मांडलं आहे. तोल बरोबर सहापट बिघडायला खोली ०.४५१ पट व्हावी लागते, म्हणजे १० मीटर पाण्यातली लाट साडेचार मीटरच्या उथळ भागावर आली की तीन सॉलिटॉन, शेपटीशिवाय. दोनच हवे असतील तर साधारण ६.१ मीटर. "म्हणजे आपला रन चुकीचा नव्हता मॅडम, त्याला फक्त जमीन नव्हती," असं तो म्हणाला. मला हे वाक्य फार आवडलं. पोहे संपेपर्यंत त्याच्या डोक्यात पुढचं सुरू झालं होतं.

आता काम तिथेच चाललं आहे. तळाचा चढ इक्वेशनमध्ये धरायचा, म्हणजे ढकलणारा आणि पसरवणारा दोन्ही आकडे वाटेत बदलत जातात, आणि चढ किती लांब असला की लाट गुपचूप स्वतःला जुळवून घेते आणि किती आखूड असला की फुटते, ही मधली हद्द शोधायची. सुरुवातीला त्यानं मुद्दाम असा आकडा घेतला जो नीट बसत नाही, खोली बरोबर निम्मी. तोल ४.७६ पट बिघडतो, विहिरीची ताकद साडेनऊच्या आसपास येते, म्हणजे ६ आणि १२ च्या मध्ये. माझ्या कागदाप्रमाणे लाटा तीनच, पण तिसरी अगदीच बारीक, आणि या वेळी मागे शेपटी हवी.

शेपटी मागे मागे पसरत जाते, आणि आमचा डब्बा गोल असल्यामुळे ती डावीकडून बाहेर पडून उजवीकडून आत येते आणि पुढच्या उंच लाटेला समोरून जाऊन भिडते, म्हणून डब्बा १६० चा केला, बिंदू १०२४, म्हणजे बिंदूंमधलं अंतर तेच राहिलं. काल रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, सोबत ग्राफचा फोटो. पुढे उंच लाट, मध्ये मधली, मग नीट पाहिल्याशिवाय दिसणार नाही असा एक छोटा उंचवटा, आणि त्याच्या मागे बारीक बारीक सुरकुत्या. खाली लिहिलं होतं, "मॅडम, माथ्याची ओळ आधी तपासली, शून्य आलं. मगच रन केला. शेपटी दिसून राहिली."